आजूर ते आबान

आमच्या केंद्रात पाच विषयांची माणसं होती आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. मराठी सगळ्यांना यायची, अडचण ती नव्हती. अडचण ही की भूगर्भवाले कडूबा 'लवकरच' म्हणाले की वीसएक वर्षं धरायची, आणि आरोग्याच्या डॉक्टर मनकर्णाबाई 'लवकरच' म्हणाल्या की उद्या सकाळ. शेतीचे आणि बाजाराचे जाणकार मध्येच कुठंतरी. पाचवा मी, संख्याशास्त्राचा. संख्याशास्त्राला स्वतःचं असं काही नसतं असा सगळ्यांचा समज होता, म्हणून सर्वांना जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. खाम नदीच्या खोऱ्यात पाऊस पडल्यापासून तो माणसाच्या पोटात जाईपर्यंत काय काय घडतं, हे एका आराखड्यात बसवायचं होतं. पाऊस, जमिनीखालचं पाणी, पीक, बाजार, रोगराई. एकाला धक्का लागला की बाकीच्यांचं काय होतं ते आधीच सांगता आलं पाहिजे. आजवर प्रत्येकानं आपापलं शेपूट धरून हत्तीचं वर्णन केलं होतं. मला अख्खा हत्ती हवा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर बसायचंही होतं.

मी दिवाणखान्याएवढ्या खोलीच्या भिंतीवर जाड तपकिरी कागद चिकटवला. त्यावर प्रत्येक गोष्टीला एक चौकट. नियम साधा होता. प्रत्येक चौकटीनं चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: तू काय घेतोस, काय देतोस, कुणाला देतोस आणि किती दिवसांनी देतोस. या चार प्रश्नांवर आठ महिने भांडणं झाली. शेतीवाले पिकाची तहान नक्षत्रांत सांगायचे, बाजारवाले आठवडी बाजारांत. 'माणूस' ही चौकट कुणाची यावर तर बोलाचाली बंद झाली. बाजारवाल्यांचा माणूस ज्वारी विकत घेत होता, मनकर्णाबाईंचा माणूस आजारी पडत होता. दोघं एकच आहेत हे मान्य व्हायला मार्च उजाडला.

असा आराखडा खरा की खोटा हे भविष्य सांगून कळत नाही. त्याला आधी भूतकाळ सांगता आला पाहिजे. जुना पाऊस त्याच्यात घातला की जुनं पाणी बाहेर आलं पाहिजे. जुना पाऊस आमच्याकडे होता. छावणीत इंग्रजांनी ठेवलेल्या पर्जन्यमापकाची नोंद होती, इंग्रजी तारखांसकट. जुनं पाणी मात्र कुणाकडेच नव्हतं.

ते वहिदाबाईंनी आणलं. वहिदाबाई केंद्रात उर्दू कागदांचं मराठी करायच्या. निजामाच्या काळातली सगळी दप्तरं उर्दूत, आणि ती वाचणारी माणसं कमी होत चाललेली. वय अडतीस, बोलणं मोजकं, अक्षर छापल्यासारखं. एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. आत बावीस वह्या होत्या.

"अब्बांच्या आहेत, सर," त्या म्हणाल्या. "नहरेवर दरोगा होते, देखरेखीला. रोज पहाटे फजरची नमाज झाली की हौदात उतरून पाणी मोजायचे. सरकारी प्रत अठ्ठेचाळीसच्या पोलीस अॅक्शननंतर दप्तर हलवताना गेली. ही त्यांची घरची. म्हणाले, कुणाच्या कामी येत असेल तर दे."

नळ येण्याआधी हे शहर नहरेवर जगलं. डोंगरातलं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या पाटानं शहरात आणलेलं. म्हणजे नहरेचं पाणी मोजणं हे जमिनीखालचं पाणी मोजणंच होतं, आणि तेही रोज, बावीस वर्षं. मला तर सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. मी वहिदाबाईंना चहा मागवला. मी सहसा कुणाला चहा मागवत नाही.

वह्यांवर फसली साल होतं. निजामी राज्यात कारभार फसली सालानं चाले, महिनेही वेगळे: आजूर, दै, बहमन असे बारा, शेवटचा आबान. मला ते नवं नव्हतं. मी पिशोरचा, निजामी मुलखातल्याच गावचा. आमच्याकडे आजोबांच्या जन्मापासून जमिनीच्या कागदापर्यंत सगळं फसलीत, आणि इंग्रजी साल काढायचा हिशेब पोराटोरांना पाठ: फसलीत पाचशे नव्वद मिळवा. शाळेचे मास्तर आमच्या जन्मतारखा अशाच काढायचे. केंद्रात आल्या आल्या मी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. आजूर म्हणजे ऑक्टोबर, दै म्हणजे नोव्हेंबर, असे बाराही महिने, आणि सालाला अधिक पाचशे नव्वद. दहा वर्षं सगळे तोच तक्ता वापरत होते.

वहिदाबाईंनी आकडे उतरवून दिले, मी तक्त्यानं तारखा बदलल्या आणि पाऊस व पाणी शेजारी शेजारी मांडलं. काहीच जुळेना. दुष्काळी सालात नहर तुडुंब. अतिवृष्टीच्या सालात ठणठणीत. कुठं कुठं तर पाऊस पडायच्या आधीच पाणी चढलेलं. मी आराखडा तपासला, दोनदा तपासला. मग मला राग आला. आठ महिने राबून हाती काय, तर कुण्या दरोग्यानं घरी बसून भरलेले आकडे. सरकारी नोकरीत असे महाभाग मी बघितले होते. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं, 'विश्वासार्ह नाही. वापरू नये.' खाली सही आणि तारीख. पेपर तपासायची सवय, हात थांबला नाही. भिंतीवरच्या 'नहर' या चौकटीवर फुली मारली.

वहिदाबाईंनी ते पान पाहिलं.

"सर," त्या म्हणाल्या, "पाणी बघितल्याशिवाय अब्बा चहा घेत नव्हते. ईदला पण नाय."

"नसतील घेत. पण आकडे तसं सांगत नाहीत."

"घरी काय सांगू? रोज विचारतात, माझ्या वह्यांचं काय झालं."

मी कामात असल्यासारखं केलं. पुढं मला कळलं की युसूफमियाँ त्र्याऐंशी वर्षांचे होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दिवसातून एकच गोष्ट विचारायचे. लेक रोज संध्याकाळी सांगायची, "वाचायलेत अजून, अब्बा. लई वह्या आहेत ना." त्या माणसाकडे आयुष्यात दाखवण्यासारखं एवढंच होतं, आणि मी त्याला खोटारडा ठरवून मोकळा झालो होतो.

दोनेक आठवड्यांनी कडूबा हसत हसत माझ्याकडे आले. हातात पारदर्शक कागद, त्यावर पाण्याची रेघ काढलेली. कडूबांना कुठलीच रेघ वाया गेलेली खपत नसे.

"नानासाहेब, तुमचा दरोगा दिवाळीपुरता खरा बोलतोय बघा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तीन महिने पावसाशी अगदी बरोबर. जानेवारी लागला की थापा सुरू."

"कुठल्या वर्षी?"

"सगळ्या. बावीसच्या बावीस. लई शिस्तीचा गडी आहे."

आम्ही दोघं हसलो. पलीकडच्या टेबलावर वहिदाबाईंचं लिहिणं थांबलं. मला ते दिसलं आणि मी हसणं आवरतं घेतलं, एवढंच. दरसाल ठरावीक तीन महिने खरं बोलणारा लबाड कसा असेल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण ज्याला आपण एकदा लबाड ठरवलं त्याच्याबद्दल प्रश्न पडत नाहीत.

त्याच सुमारास भिंतीपुढं नवं भांडण पेटलं, वर्ष कधी सुरू होतं यावरून. शेतीवाले म्हणाले, मृगाला. बाजारवाले म्हणाले, दिवाळीच्या पाडव्याला, वह्या तेव्हाच बदलतात. कडूबांचं एक जूनला. मनकर्णाबाईंचं जानेवारीत, कारण मृत्यूच्या नोंदी तशा येतात. "बाई, तुमची माणसं कॅलेंडर बघून मरतात का?" असं कडूबांनी विचारलं आणि बाई उठून निघाल्या. मी त्यांना परत बसवलं आणि आयुष्यात एकदा शहाणपणा केला. म्हटलं, एकच वर्ष सगळ्यांवर लादायचं नाही. ज्याचं वर्ष जसं असेल तसं त्यानं कार्डावर लिहून आपल्या चौकटीखाली लावावं. कधी सुरू होतं, कधी संपतं आणि तसं का. जोडायचं काम आराखडा करील. चाराचे पाच प्रश्न झाले.

कार्डं वाटताना वहिदाबाईंनी हात पुढं केला.

"नहरेचं कार्ड, सर."

"ती चौकट खोडलीय, वहिदाबाई."

"खोडली असली तरी भिंतीवर आहे. तुम्ही म्हणालात, प्रत्येक चौकटीला."

नियम माझाच होता. मी कार्ड दिलं, वाद नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड माझ्या टेबलावर होतं. त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'वर्ष सुरू आजूरला, म्हणजे ऑक्टोबरात. वर्ष संपतं आबानला, म्हणजे सप्टेंबरात. पाऊस सरला की नवी वही. त्यामुळं पावसाळा नेहमी वहीच्या शेवटी येतो. सांगणार: युसूफ, नहरेचे दरोगा.'

पहिली दोन वाक्यं मला ठाऊक होती. माझ्याच तक्त्यातली. तिसऱ्यावरही मी अडलो नाही. चौथं वाचलं आणि कार्ड खाली ठेवलं.

पावसाळा वहीच्या शेवटी. म्हणजे वही उघडते एका इंग्रजी सालात, आणि पावसाळा लागतो तो पुढच्या सालात, कारण मध्ये जानेवारी येऊन जातो. पाचशे नव्वद मिळवायचे ते आजूर, दै, बहमन या तीन महिन्यांपुरते. डिसेंबर संपला की पाचशे एक्याण्णव. जन्माचं साल काढताना एवढ्यातेवढ्याचं कुणाला पडलंय? आमच्या अख्ख्या जिल्ह्यात माणसं एखादं वर्ष लहान किंवा थोर होऊन जगतात आणि कुणाचं काही अडत नाही. मी मात्र तोच गावठी हिशेब उचलून बावीस वर्षांचे नऊ-नऊ महिने एक वर्ष मागं ढकलले होते. दरोगा दिवाळीपुरता खरा का होता, ते आता कळलं.

मी कुणाला हाक मारली नाही. एकोणचाळीसची वही घेतली, तेराशे एकोणचाळीस फसली. मेहेर महिना, म्हणजे ऑगस्ट. मी लिहिला होता एकोणीसशे एकोणतीसचा. तो तीसचा करून पावसाशेजारी ठेवला. पावसामागून दीड महिन्यानं पाणी चढत होतं, जमिनीखालच्या पाण्यानं चढावं तसंच. पुढची वही घेतली. त्याच्या पुढची. जेवणाची सुट्टी झाली ते मला कळलं नाही. लाजेनं कान गरम झाले होते.

शेवटी कडूबांना बोलावलं. त्यांनी आपला पारदर्शक कागद पावसावर ठेवला, नऊ महिन्यांचा तुकडा बोटानं एक वर्ष पुढं सरकवला आणि तसाच धरून उभे राहिले.

"दरोगा खरा होता व्हय," ते म्हणाले. "साल आपलं खोटं."

मनकर्णाबाई जवळ आल्या. त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं. "आणि माझी कॉलऱ्याची जुनी नोंदवही? ती याच तक्त्यानं केली ना तुम्ही?"

"व्हय."

"म्हणजे गेली दहा वर्षं माझी माणसं एक वर्ष आधीच मरतायत."

त्यांनी हे अगदी शांतपणे म्हटलं. पाऊस आणि कॉलरा यांचा काही संबंध दिसत नाही, असा एक शोधनिबंध आम्ही दोघांनी मिळून छापला होता. त्याचं पुढं काय करायचं ते आम्ही नंतर केलं. तेव्हा मला वहिदाबाईंकडे जायचं होतं. त्या जागेवर होत्या, एका फर्मानाचं मराठी करत.

"वहिदाबाई, चूक माझी होती. सालाची. वह्या बरोबर आहेत. सगळ्या."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "अब्बांची नाय, एवढं मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "कुणाची आहे ते नव्हतं ठाऊक." मग म्हणाल्या, "हे घरी येऊन तुम्ही सांगा, सर. मी रोज खोटं बोलून थकले."

बेगमपुऱ्यात त्यांचं घर होतं, केंद्रापासून चालत वीस मिनिटांवर. संध्याकाळचं ऊन अंगणात होतं. युसूफमियाँ बाजेवर बसलेले, पांढरी दाढी, पाठ ताठ. मी गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एकेक वही हातानं चाचपली, मोजली, बावीस भरल्यावर पहिली उघडली आणि पान डोळ्यांशी अगदी चिकटवून धरलं.

"ये लाल क्या है?" त्यांनी विचारलं. "मी लाल शाई कधी वापरली नाय."

वहिदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिक्का आहे, नोंद क्रमांक आहे, काहीही सांगता आलं असतं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. मी वही घेतली आणि वाचलं, "विश्वासार्ह नाही. वापरू नये." मग खालची सही वाचली, म्हणजे माझंच नाव, आणि तारीख.

मग मी सगळं सांगितलं, तक्ता, पाचशे नव्वद, जानेवारी. ते ऐकताना अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते.

"हौ," ते म्हणाले. "बहमनतक बरोबर. पुढं साल बदलतं. तुमी मला विचारलं नाय, साहेब."

"नाही विचारलं."

"मी इथंच होतो."

मी खाली मान घालून बसलो. वहिदाबाई चहा घेऊन आल्या. युसूफमियाँनी कपाला हात लावला नाही.

"पण तुमी लिहिलं ते अगदीच झूठ नाय," ते म्हणाले. "एक जागा आहे. वहिदा, तेराशे सेहेचाळीसची वही काढ. मेहेर महिना."

मी मनात हिशेब केला. एकोणीसशे सदतीसचा ऑगस्ट.

"त्या साली मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस बाजेवरून उठलो नाय. पण वहीत एक दिवस कोरा आहे का बघा. सरकारी प्रतीत पण नव्हता." त्यांनी घसा साफ केला. "पाणी ताहेरानं मोजलं. हिची अम्मी. अंधार असताना बुरखा घालून जायची, हौदात उतरायची, उजाडायच्या आत घरी. आकडा वहीत लिहायची, माझ्यासारखं अक्षर काढून. दरोग्याच्या बायकोनं सरकारी पाणी मोजलं, हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिनं कुणाला सांगितलं नाय. मीपण नाय. ती जाऊन दहा वर्षं झाली. तेवढे एकवीस दिवस माझे नाहीत, साहेब. ते खोटे धरा."

वहिदाबाई वही हातात घेऊन उभ्या होत्या. हे आकडे त्यांनी महिन्यापूर्वी स्वतः उतरवून दिले होते.

मी त्यांच्याकडून वही मागून घेतली. उर्दू अक्षर मला येत नाही, पण आकडे येतात. युसूफमियाँ पाणी बोटांच्या रुंदीनं मोजायचे, सात अंगुळं, आठ अंगुळं, सगळे पूर्ण आकडे. या एकवीस दिवसांत मात्र जागोजाग आकड्यापुढं अर्ध्या-पाऊणची खूण होती. साडेसात. पावणेआठ. दुपारीच कडूबा म्हणाले होते की सदतीसचा ऑगस्ट सगळ्यात सुरेख बसतो, का ते कळत नाही.

"चाचा," मी म्हटलं, "हे खोटे कसे धरू? या बावीस वर्षांत एवढं बारीक कुणी मोजलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"मला बोलायची ती," ते म्हणाले. "तुमी घाईघाईत बघता, म्हणायची."

"भिंतीवर त्यांचं नाव लावू का? मोजणार म्हणून. तुमच्या नावाशेजारी."

"लावा. आता कोण नोकरीवरून काढतंय."

वहिदाबाई बाजेच्या कडेला बसल्या. वही परत घेऊन त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. युसूफमियाँ मान हलवत ऐकत होते. एकविसावा आकडा वाचून झाला तेव्हा त्या थांबल्या.

"फिरसे पढ, बेटा," ते म्हणाले. "आहिस्ता."